२०७० चे उद्दिष्ट आणि रात्री दोनची मोटार

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत शेतीच्या विजेला पाळ्या असतात. काही दिवस थ्री-फेज लाईट दिवसा आठ तास, तर काही दिवस रात्री दहा तास. रात्रीची पाळी आली की मोटार चालू करायला आणि दारे धरायला शेतावर जावे लागते, आणि वाट बहुधा उसाच्या कडेने जाते. उसात बिबट्या असतो. मग हातात बॅटरी आणि काठी, मोबाईलवर मोठ्या आवाजात गाणी, जमलेच तर सोबतीला भाऊ नाहीतर बायको, असा सगळा सरंजाम घेऊन लोक पाणी भरतात. घोड, मीना आणि कुकडीच्या खोऱ्यांत हे आता इतके अंगवळणी पडले आहे की त्याची बातमीही होत नाही. बातमी होते ती कोणाचा जीव गेल्यावर.

अशा गावात जाऊन कोणी विचारले की भारताच्या हरितगृह वायूंच्या उद्दिष्टाबद्दल तुमचे मत काय, तर लोक त्याच्याकडे जरा विचित्र नजरेनेच बघतील. पण त्या उद्दिष्टावरच्या प्रतिक्रिया इथे रोज उमटतात. महावितरणच्या कार्यालयात, ग्रामसभेत, कारखान्याच्या वार्षिक सभेत, रास्ता रोकोत त्या ऐकू येतात. फक्त त्यांत ‘कार्बन’ हा शब्द नसतो. मागणी असते ती दिवसा लाईट देण्याची.

मूळ उद्दिष्ट काय आहे ते आधी पाहू. १ नोव्हेंबर २०२१ रोजी ग्लासगोच्या जागतिक हवामान परिषदेत पंतप्रधानांनी जाहीर केले की भारत २०७० पर्यंत ‘नेट झीरो’ होईल. म्हणजे जेवढे हरितगृह वायू आपण हवेत सोडू, तेवढे जंगले आणि इतर मार्गांनी शोषलेही जातील. युरोप-अमेरिकेने २०५० चे आणि चीनने २०६० चे वचन दिले होते. त्यामुळे जगात काहींना भारताची तारीख फार लांबची वाटली. इकडे मात्र अनेकांनी उलटा हिशेब मांडला. भारतात माणशी वर्षाला साधारण दोन टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, अमेरिकेत माणशी चौदा टनांच्या आसपास. ज्यांनी दोनशे वर्षे कोळसा जाळला त्यांनी आधी हात आखडावा, हे म्हणणे दिल्लीतल्या वाटाघाटी करणाऱ्यांचे होते, आणि एखाद्या पारावर चर्चा निघाली तर तिथेही ते पटण्यासारखेच आहे.

२०७० ही तारीख लांबची असली तरी २०३० चे दोन टप्पे जवळचे आहेत. ऑगस्ट २०२२ मध्ये भारताने ते लेखी मान्य केले. विजेच्या एकूण स्थापित क्षमतेपैकी निम्मी क्षमता कोळसा, तेल, वायू यांच्याशिवायची असेल, हा एक. राष्ट्रीय उत्पन्नाच्या प्रत्येक रुपयामागे होणारे उत्सर्जन २००५ च्या तुलनेत ४५ टक्क्यांनी घटेल, हा दुसरा. या दुसऱ्यात एक मेख आहे. एक क्विंटल कांद्यामागे लागणारे डिझेल निम्मे झाले, पण कांदा तिप्पट पिकवला, तर टाकीतून जाणारे डिझेल वाढलेलेच असते. तसेच हे आहे. रुपयामागचे उत्सर्जन घटले तरी देशाचे एकूण उत्सर्जन अजून काही वर्षे वाढणार आहे, आणि सरकारनेही ते लपवलेले नाही. २००५ ते २०२० या काळात रुपयामागचे हे उत्सर्जन ३६ टक्क्यांनी घटल्याचे भारताने संयुक्त राष्ट्रांना कळवले आहे.

पहिला टप्पा तर पाच वर्षे आधीच गाठला गेला. जून २०२५ अखेर देशाची स्थापित वीजक्षमता सुमारे ४८५ गिगावॉट होती, आणि तिच्यातला निम्म्याहून किंचित अधिक वाटा सौर, पवन, जल व अणू यांचा होता. हेही जपून वाचायला हवे. क्षमता निम्मी झाली म्हणजे वीज निम्मी झाली असे नव्हे. सूर्य मावळतो, वारा पडतो, आणि मग चंद्रपूर-कोराडीचा कोळसाच घरात दिवा लावतो. प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत कोळशाचा वाटा अजून सत्तर टक्क्यांच्या आसपास आहे.

जुन्नर-आंबेगावच्या शेतकऱ्याचा प्रश्न आणि देशाचे उद्दिष्ट नेमके इथे एकमेकांना भेटतात. सौर वीज दिवसाच तयार होते, आणि शेतकऱ्यालाही ती दिवसाच हवी आहे. कोळशाच्या काळात शेतीपंपांना रात्री ढकलले जाई, कारण दिवसा कारखाने आणि शहरे वीज खात. सौरऊर्जेने हे गणित उलटे केले. दुपारी वीज स्वस्त आणि मुबलक, संध्याकाळनंतर महाग आणि टंचाईची. म्हणजे रात्रीची पाळी बंद होण्यात शेतकऱ्याचे हित आहे, आणि आता महावितरणचेही आहे. सरकारी धोरण आणि गावची गरज इतकी सरळ जुळल्याची उदाहरणे फार नाहीत.

महाराष्ट्राने त्यासाठी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये आणली. पहिले प्रयोग शेजारच्या अहिल्यानगर (तेव्हाच्या नगर) जिल्ह्यात राळेगणसिद्धीला आणि यवतमाळच्या कोळंबीला झाले. २०२३ मध्ये योजनेची दुसरी आवृत्ती आली आणि लक्ष्य पुढे १६ हजार मेगावॉटवर गेले. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या धोंदलगावचा तीन मेगावॉटचा प्रकल्प तिच्यातला पहिला. तो सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाला. योजनेची रीत सोपी आहे. गावाजवळच्या सबस्टेशनपासून थोड्या अंतरावर सौर पॅनेल उभे करायचे आणि तिथली वीज थेट शेतीच्या फीडरवर, म्हणजे शेतीपंपांच्या वेगळ्या वाहिनीवर, सोडायची. दूरच्या औष्णिक केंद्रातून वीज आणताना होणारी गळती त्यामुळे वाचते. ढग आले तर उरलेली वीज ग्रीडमधून मिळते. शेतकऱ्याची मोटार, स्टार्टर, पाइपलाइन काहीच बदलावे लागत नाही. सौर वीज युनिटला तीन रुपयांच्या आसपास पडते, म्हणून सरकारलाही ती परवडते.

जागेचा प्रश्न मात्र बिकट आहे. एका मेगावॉटला चार-पाच एकर लागतात. खासगी जमिनीला सरकार एकरी वर्षाला ५० हजार रुपये भाडे देते आणि त्यात दरवर्षी तीन टक्के वाढ. मराठवाड्यातल्या कोरडवाहू माळाला हा दर सोन्यासारखा आहे. नारायणगावच्या परिसरात तो ऐकून शेतकरी हसतो. इथल्या टोमॅटोच्या बाजारात राज्याबाहेरचे व्यापारी येऊन बसतात, काळ्या द्राक्षांचे कंटेनर परदेशी जातात. जुलै २०२३ मध्ये टोमॅटो भडकला तेव्हा जुन्नर तालुक्यातल्या एका शेतकरी कुटुंबाने महिन्याभरात दीड कोटीच्या आसपास कमावल्याची बातमी देशभर गाजली होती. (त्याच टोमॅटोचे क्रेट पुढे कधी रस्त्यावर ओतावे लागतात, हेही या भागाला नवे नाही.) बागायती जमीन कोणी पॅनेलखाली घालणार नाही, आणि पश्चिमेकडचा बराचसा भाग वनखात्याचा. मग उरतात गायराने. गायरान म्हणजे गावची गुरे आणि मेंढरे चारण्याची जागा, आणि तिथे काही घरेही उभी राहिलेली असतात. प्रकल्पाला जागा देणाऱ्या ग्रामपंचायतीला सरकार तीन वर्षे दरसाल पाच लाख देते. तरीही ‘चराई कुठे करायची’ हा प्रश्न उठतो, आणि तो खोटा नसतो.

दुसरा रस्ता वैयक्तिक सौरपंपाचा. केंद्राची कुसुम योजना आणि राज्याची ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ यांत शेतकऱ्याने किमतीचा दहा टक्के हिस्सा भरायचा, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने पाच टक्के. अडीच एकरापर्यंत तीन अश्वशक्तीचा पंप, पाच एकरापर्यंत पाचचा, त्यापुढे साडेसातचा. पाच वर्षांची देखभाल आणि विमा पुरवठादाराकडे.

यावर लोक काय म्हणतात ते ऐकण्यासारखे आहे. ज्याची विहीर शेतातच आहे, पाणी फार खोल नाही, आणि ठिबकवर भागते, तो खूश असतो. बिल नाही, पाळी नाही, डीपी जळाल्याची वाट पाहणे नाही. पण कुकडी आणि घोडच्या काठची शेती अशी नाही. इथे नदीवरून किंवा बंधाऱ्यावरून लांबलचक पाइपलाइन टाकून पाणी वरच्या वावरात चढवतात. दहा, पंधरा, वीस अश्वशक्तीच्या मोटारी लागतात, कित्येकदा चार-पाच भावकीत मिळून. त्यांना साडेसातचा सौरपंप म्हणजे शोभेचा. सकाळी ऊन चढेपर्यंत दाब येत नाही आणि ढगाळ दिवशी पाणी टेकडी चढत नाही. पावसाळ्यात पॅनेल नुसते उभे राहतात. त्यांची वीज विकताही येत नाही. वादळाने फ्रेम उलटली किंवा केबल चोरीला गेली तर पुरवठादाराच्या हेल्पलाइनवर तासन्‌तास घालवावे लागतात. त्यातच नवी पारंपरिक वीजजोडणी मागायला गेले की ‘सोलरच घ्या’ असे उत्तर मिळते. या उत्तरावर जितका राग आहे तितका सौरऊर्जेवर नाही.

आणखी एक गोष्ट सरकारने स्वतःच्या हाताने गुंतागुंतीची करून ठेवली. २०२४ मध्ये मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजना आली आणि साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या राज्यातल्या सुमारे ४४ लाख शेतीपंपांचे बिल माफ झाले. फुकट वीज दारात असताना दहा टक्के भरून सौरपंप कशाला घ्यावा? शेतकऱ्याचा हा सवाल तर्काला धरून आहे. त्याला सरकारचे उत्तर असे की मोफत वीज मार्च २०२९ पर्यंत आहे, पॅनेल मात्र पंचवीस वर्षे चालतील. दोन्ही योजना एकाच सरकारच्या आणि दोन्हींच्या जाहिरातींवर तेच चेहरे. गावकऱ्याने कोणत्या जाहिरातीवर विश्वास ठेवायचा, हे त्यालाच ठरवावे लागते.

आता उसाकडे वळू, कारण खरी गुंतागुंत तिथे आहे. कुकडी प्रकल्पातली माणिकडोह, वडज, येडगाव, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही धरणे झाल्यावर या पट्ट्यात ऊस पसरला. जुन्नरमध्ये विघ्नहर आणि आंबेगावात भीमाशंकर हे दोन सहकारी साखर कारखाने उभे राहिले. उसाचे रान वर्ष-दीड वर्ष उभे असते, आत सावली, पाणी, रानडुकरे आणि जवळच्या वस्तीवर कुत्री-शेळ्या. बिबट्याला आणखी काय हवे? कित्येक पिढ्यांचे बिबटे आता उसातच जन्मलेले आहेत; त्यांनी सह्याद्रीचे जंगल पाहिलेलेही नाही. जुन्नर वनविभागात, म्हणजे जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर तालुक्यांत, हल्ल्यांचा पहिला मोठा तडाखा २००१ नंतर बसला. माणिकडोहचे बिबट्या निवारा केंद्र त्याच संकटातून उभे राहिले.

हवामानाच्या उद्दिष्टांत उसाला मोठे स्थान मिळाले आहे. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे लक्ष्य सरकारने आधी २०३० चे ठेवले होते, मग ते २०२५ वर आणले आणि गाठलेही. आयात तेल वाचते, उत्सर्जन घटते, कारखान्याला साखरेखेरीज दुसरे उत्पन्न मिळते. ऊसपट्ट्यात या उद्दिष्टाचे स्वागत झाले, अगदी मनापासून. पण ७ डिसेंबर २०२३ रोजी साखर कमी पडेल या भीतीने केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल बनवायला अचानक मनाई केली, तेव्हा राज्यभरच्या कारखान्यांनी डोक्याला हात लावला. आसवनी प्रकल्पांसाठी काढलेली कर्जे फेडायची कशी? दहा दिवसांत बंदी थोडी सैल झाली, पुढच्या हंगामासाठी उठलीही, पण धोरणाचा भरवसा गेला. दुसऱ्या टोकाला मोटारसायकलवाले. २०२५ च्या उन्हाळ्यानंतर ‘गाडीचे ॲव्हरेज पडले’ ही तक्रार पंपापंपावर सुरू झाली. नीती आयोगाच्याच २०२१ च्या आराखड्यात जुन्या पद्धतीच्या दुचाकींचे मायलेज तीन-चार टक्के आणि मोटारींचे सहा-सात टक्के घटेल असे लिहिले होते, म्हणजे ही तक्रार पूर्णपणे मनाची नव्हती. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या विषयावरची याचिका फेटाळली.

म्हणजे उत्सर्जन घटवण्याच्या एकाच धोरणाचे दोन हात इथे विरुद्ध दिशांना ओढतात. सौर फीडर माणसाला रात्रीच्या उसातून बाहेर काढू पाहतो, आणि इथेनॉल उसाची पकड आणखी घट्ट करते. इथेनॉलने बिबट्या आणला असे कोणी म्हणू नये, तो आधीपासून होता. पण ऊस कमी करून कमी पाण्याची पिके घ्यावीत, असा सल्ला देणाऱ्याला आता आणखी कमी लोक ऐकतील. दिल्लीत बसून ही दोन लक्ष्ये दोन वेगळ्या मंत्रालयांच्या दोन फायलींत असतात. पिंपळवंडी, मंचर किंवा पारगावच्या शेतकऱ्याकडे ती एकाच बांधावर येऊन पडतात.

ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये जुन्नर वनविभागातल्या पिंपरखेड-जांबूत परिसरात तीन आठवड्यांत एक चिमुरडी, एक वृद्धा आणि एक शाळकरी मुलगा बिबट्याच्या हल्ल्यात गेले. वनखात्याची गाडी जाळली गेली, पुणे-नाशिक महामार्ग मंचरजवळ लोकांनी रोखून धरला. पिंजरे, नसबंदी, ठार मारण्याची परवानगी यांसोबत दिवसा थ्री-फेज वीज हीसुद्धा लोकांची जुनी मागणी आहे. एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. हे तिन्ही बळी रात्री पाणी भरायला गेलेले नव्हते. घराच्या, शेताच्या आसपासच होते. दिवसा लाईट आली म्हणजे बिबट्याचा प्रश्न सुटला, असा प्रचार कोणी करू नये. रात्री उसातून फिरणाऱ्या माणसांची संख्या तेवढी कमी होईल, आणि तेही थोडे नाही.

दोन्ही तालुक्यांचा पश्चिम भाग या साऱ्या चर्चेत फारसा येत नाही. भीमाशंकर, आहुपे, आंबोली, नाणेघाटाच्या बाजूचा हा महादेव कोळी आदिवासींचा मुलूख. भात, नाचणी, हिरडा. जुन्नरमध्ये खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीमुळे मोठ्या उद्योगांवर निर्बंध आहेतच, पण या पश्चिम पट्ट्यात तर ट्रॅक्टरही विरळा. देशातल्या सर्वांत कमी उत्सर्जन करणाऱ्या माणसांत यांची गणना व्हावी. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने त्यांचा हिरडा झोडपला, आणि पंचनामे होऊनही भरपाईसाठी मोर्चे, उपोषणे करत वर्षे गेली. ३० जुलै २०१४ रोजी अतिवृष्टीत आंबेगावातले माळीण दरडीखाली गाडले गेले आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. एका दुर्घटनेचा दोष थेट हवामानबदलावर टाकता येत नाही. डोंगरउतारावरच्या जमिनीच्या सपाटीकरणाकडेही तेव्हा बोट दाखवले गेले. पण कमी तासांत जास्त पाऊस पडण्याचे दिवस पश्चिम घाटात वाढले आहेत, आणि त्याची भीती इथल्या प्रत्येक वाडीत आहे.

स्वच्छ ऊर्जेचा अनुभवही या डोंगरांना आहे, आणि तो गोड नाही. डिंभे धरणाच्या पाण्यात आदिवासींची गावे गेली. त्या पाण्यावरची वीज आज ‘बिगर-जीवाश्म’ खात्यात जमा होते. भीमाशंकरच्या दक्षिणेला खेड-मावळच्या डोंगरांवर एनर्कॉन कंपनीचा पवनऊर्जा प्रकल्प उभा राहिला, त्यासाठी सुमारे १९४ हेक्टर वनजमीन वळवली गेली. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या पश्चिम घाट तज्ज्ञ गटाने २०११ च्या अहवालात या प्रकल्पावर कठोर लिहिले. शेकरूचे वसतिस्थान असलेले जंगल, त्यातून कापलेले रुंद रस्ते, ढासळणारे उतार, आणि प्रकल्पाविरुद्ध मत देणाऱ्या वनाधिकाऱ्याचे डावलले गेलेले म्हणणे, सगळे त्यात आहे. कोळसा न जाळता वीज मिळाली, पण अडीच ते तीन अब्ज टन कार्बन डायऑक्साइड शोषण्यासाठी जी वने वाढवायचे वचन भारताने दिले आहे, तीच तिथे कापली गेली.

म्हणून जुन्नर-आंबेगावच्या प्रतिक्रियेला अनुकूल किंवा विरोधी असे लेबल लावणे चुकीचे ठरेल. लोकांनी उद्दिष्ट नाकारलेले नाही. ते कोणाच्या शेतावर, कोणाच्या गायरानावर आणि कोणत्या वेळी उतरणार, एवढेच ते विचारत आहेत. या विचारण्यातून सरकारला काम नेमके सुचवलेही गेले आहे. उपसा पाइपलाइनच्या पट्ट्यात वैयक्तिक सौरपंपाचा आग्रह सोडून आधी फीडर सौर करावेत. गायराने घेण्यापूर्वी धरणांच्या भिंतीलगतची आणि कालव्यांकाठची सरकारी जमीन तपासावी. बिबट्याचा वावर असलेल्या गावांची यादी वनखात्याकडे तयार आहे, शेती फीडरची यादी महावितरणकडे. या दोन याद्या एकत्र ठेवून कोणत्या गावाचा फीडर कोणत्या महिन्यात दिवसपाळीवर जाणार, ते प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर तारखेसह लिहावे, आणि ती तारीख चुकली तर ग्रामसभेत येऊन कारण सांगावे.